चक्कर थांबते पाचशे-हजारात. तोलाचा हिशेब वेगळा

अंथरुणात कुशीवर वळताच खोली गरगर फिरते. दोरीवरचे कपडे काढायला मान वर केली की भोवळ येते. वाकून चप्पल घालताना तोल जातो, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं पुन्हा जागच्या जागी येतं. ही लक्षणं सांगितली की पहिलं निदान घरचीच माणसं करतात: पित्त झालं असेल, बीपी उतरलं असेल, नाहीतर अशक्तपणा. दुसरं निदान कोपऱ्यावरच्या दवाखान्यात होतं: मानेचा स्पॉन्डिलायटिस. तिथून पुढे एक्स-रे, मानेचा पट्टा, एखादं सलाइन, महिन्याभराच्या गोळ्या आणि शेवटी एमआरआय अशी वरात निघते.

यातल्या अनेकांना जे झालेलं असतं त्याचं वैद्यकीय नाव आहे बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. नाव लांबलचक असल्यानं डॉक्टरही 'बीपीपीव्ही' म्हणून मोकळे होतात आणि रुग्णाला सांगतात, "कानातले खडे सरकलेत." आपणही तसंच म्हणू. हे खडे जागेवर आणायचा उपाय पाच-दहा मिनिटांचा आहे. त्याला ना औषध लागतं ना यंत्र, आणि भरती तर अजिबात व्हावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी तो तपासणीच्या फीमध्येच होतो, नाहीतर वर तीनशे ते दीड हजार रुपये पडतात.

मग पैसे जातात कुठे? दोन ठिकाणी. एक, निदान होण्याआधीच्या भटकंतीत. हा खर्च बराचसा टाळता येतो. दुसरं, चक्कर थांबल्यावरही चालताना जो अधांतरीपणा राहतो त्यात. याची कल्पना आधी कुणी दिलेली नसते, म्हणून रुग्ण "उपचार फसला" असं धरून पुन्हा पहिल्यापासून दारं ठोठावू लागतो. गरगरणं थांबणं आणि तोल परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडला तर दुसरीही स्वस्तात होते.

सरकतं ते नेमकं काय

आतल्या कानात यूट्रिकल नावाची एक इवलीशी पिशवी असते. तिच्या आतल्या मऊ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. डोकं कललं किंवा गाडीनं वेग घेतला, हे मेंदूला या कणांच्या वजनावरून कळतं. शेजारी द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कुठे वळलं हे सांगणं त्यांचं काम. वय झालं, डोक्याला मार बसला, कानाच्या आत दाह होऊन गेला किंवा आजारपणात बरेच दिवस पडून राहावं लागलं, की काही कण पडद्यावरून सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा ते मागच्या नलिकेत जातात, कारण ती सर्वांत खालच्या पातळीला असते. मग डोकं ठरावीक कोनात गेलं की ते घरंगळतात आणि द्रवाला ढकलतात. कान सांगतो 'डोकं फिरतंय', डोळे आणि पाय सांगतात 'छे, आपण झोपलोय', आणि मेंदूचा गोंधळ उडतो.

व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी या आजाराचं वर्णन १९२१ साली केलं. निदानाची आजही वापरली जाणारी चाचणी लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. अमेरिकेत पोर्टलंडच्या जॉन एपली यांनी खडे परत फिरवायची युक्ती काढली, पण नुसतं डोकं वळवून चक्कर बरी होते हे त्यांच्या सहकाऱ्यांना बरीच वर्षं पटेना. १९९२ साली त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. ग्राहकाच्या दृष्टीनं यातली मोलाची गोष्ट एवढीच की या उपचारात विकण्यासारखं काही नाही. त्यामुळे त्याची जाहिरातही कुणी करत नाही; गोळीची होते, तपासणीच्या पॅकेजची होते.

निदानाला किती लागतात

पुढचे सगळे आकडे शहरांतल्या खाजगी दवाखान्यांचे साधारण दर समजावेत. मुंबई-पुण्यात वरचा आकडा धरा, तालुक्याच्या गावी खालचा.

कान-नाक-घसा तज्ज्ञाची पहिली फी ५०० ते १,५०० रुपये. निदान करायला लागतात एक टेबल, डॉक्टरचे दोन हात आणि रुग्णाचे उघडे डोळे. डिक्स-हॉलपाइक चाचणीत रुग्णाला टेबलावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि पटकन मागे झोपवतात. डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं. खडे त्या बाजूच्या मागच्या नलिकेत असतील तर दोन-चार सेकंदांत गरगर सुरू होते आणि बुबुळं ठरावीक पद्धतीनं थरथरत फिरू लागतात. मिनिटाच्या आत सारं शमतं. ती थरथर हाच पुरावा. ती स्पष्ट दिसली की निदानासाठी रक्त, एक्स-रे किंवा स्कॅन यांची गरज उरत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, निदान स्पष्ट असेल आणि दुसरं काही लक्षण नसेल तर स्कॅन करू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवर एक प्रश्न विचारायला लाजू नका: "मॅडम, चक्करचा पेशंट आहे. डॉक्टर टेबलावर झोपवून तपासतात ना? आणि खडे बसवायचे झाले तर त्याच वेळी करतात की वेगळी वेळ घ्यावी लागते? त्याचे पैसे वेगळे का?" उत्तर "आधी एमआरआय करून या" असं आलं तर दुसरा नंबर फिरवा. नुसती नाडी-बीपी बघून, डोकं न हलवता ज्यानं चक्करचं निदान केलं, त्यानं ते केलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही दवाखान्यांत इन्फ्रारेड चष्मा लावून डोळ्यांची हालचाल पडद्यावर बघतात. ती व्हीएनजी तपासणी २,००० ते ४,००० रुपयांना पडते. निदान अडलं, आडव्या नलिकेची शंका आली किंवा दोन्ही कान गुंतल्यासारखे वाटले तर ती उपयोगी. साध्या प्रकरणात चैनीची. ऐकू कमी येत असेल किंवा कानात आवाज येत असतील तर मात्र ५०० ते १,००० रुपयांची श्रवण तपासणी जरूर करावी, कारण तेव्हा खड्यांपलीकडचं काही असू शकतं.

आता समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेला सकाळी उठताना चक्कर आली. काल्पनिकच हिशेब, पण दर बाजारातले. घरचे डॉक्टर ३००, सलाइन आणि इंजेक्शन ८००, मानेचा एक्स-रे ५००, पट्टा ४००, महिन्याच्या गोळ्या ६००, फिजिशियन ७००, एमआरआय ६,०००. एकूण ९,३०० रुपये गेले आणि खडे होते तिथेच. दुसऱ्या वाटेनं त्या आधीच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्या असत्या तर पहिली फी ७००, फेरतपासणी ४००, रिक्षाचे दोनशे-तीनशे; दीड हजाराच्या आत काम झालं असतं.

सरकारी वाट याहून स्वस्त. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पुण्याचं ससून, मुंबईची जेजे, केईएम, नायर, सायन, संभाजीनगरची घाटी आणि नागपूरचं मेडिकल ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. तिथे केसपेपरचे नाममात्र पैसे आणि कान-नाक-घशाची ओपीडी. गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. किंमत मोजावी लागते ती रांगेत. सकाळी लवकर जा आणि सोबत माणूस घेऊन जा. रुग्णाला उपाशी नेऊ नये, पण पोटभर खाऊनही नेऊ नये, चाचणीत उलटी होऊ शकते.

एमआरआयचे पैसे वाचवायचे नाहीत अशीही वेळ असते. चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, एकाचं दोन दिसत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात-पाय लुळा पडला असेल, कधी नव्हे ते डोकं फुटतंय असं दुखत असेल, एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं असेल, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर तो खड्यांचा मामला धरू नका. डोकं स्थिर ठेवूनही तासन्‌तास चालणारी गरगरही याच धोक्याच्या यादीत. १०८ ला फोन करा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. पक्षाघातात तास महत्त्वाचे असतात, तिथे दराची चौकशी नंतर.

खडे बसवण्याचे पैसे

एपली पद्धतीत मान वळवून झोपवणं, मग डोकं दुसऱ्या बाजूला नेणं, मग अंगासकट कुशीवर वळवून नाक जमिनीकडे करणं आणि शेवटी उठवून बसवणं, असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर अर्धा ते एक मिनिट थांबतात. खडे नलिकेच्या वळणानं फिरून यूट्रिकलमध्ये परत जातात. आडव्या नलिकेसाठी अंगाला पूर्ण लोळण देण्याची वेगळी पद्धत आहे, म्हणून 'कोणती बाजू, कोणती नलिका' हे कळल्याशिवाय सुरुवात करण्यात अर्थ नाही.

याचे वेगळे पैसे घेतलेच तर ३०० ते १,५०० रुपये दर बैठकीला. बऱ्याच जणांना एका बैठकीत आराम पडतो, काहींना दोन-तीन लागतात. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ११ चाचण्यांचा एकत्र विचार केला होता. एपली केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांची चक्कर पूर्ण थांबली. ज्यांच्यावर खोटी कृती किंवा दुसरा काही उपाय केला त्यांच्यापैकी २१ टक्क्यांची थांबली. हे २१ टक्केही बोलके आहेत. काही आठवड्यांत खडे आपोआप विरघळून किंवा सरकून चक्कर जाऊ शकते. तरुण माणसाला परवडत असेल तर थांबून बघणं हा फुकटचा पर्याय आहे. साठीच्या पुढच्यांनी थांबू नये, कारण त्या आठवड्यांत बाथरूममध्ये पडलं तर खुब्याच्या शस्त्रक्रियेचं खाजगी बिल लाखांत जातं.

मोठ्या शहरांत पट्ट्यांनी बांधून सर्व बाजूंनी फिरवणाऱ्या खुर्च्या आल्या आहेत. दर बैठकीला हजारोंत सांगतात. मान अजिबात वळत नाही, पाठीच्या मणक्याला त्रास आहे, वजन फार आहे किंवा हातानं चार-पाचदा करूनही खडे बसत नाहीत, अशांना खुर्चीचा फायदा होतो. बाकीच्यांचं काम हातानं होतं.

व्हिडिओ बघून घरीच केलं तर? पहिल्या खेपेला नको. बाजू चुकली तर मेहनत वाया जाते आणि खडे भलत्याच नलिकेत गेले तर चक्करेचं रूपच बदलतं. एकदा डॉक्टरांनी बाजू सांगितली, समोर करून दाखवलं आणि मानेला, डोळ्याच्या पडद्याला काही दुखणं नसेल, तर पुढच्या वेळी घरी करायला हरकत नाही.

दोन खर्च आणखी वाचतात. खडे बसवल्यावर दोन रात्री बसून झोपा, मानेला पट्टा बांधा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तशी बंधनं गरजेची नाहीत, हे आता मान्य झालं आहे. पट्टा घेऊ नका. आणि गोळ्या. बीटाहिस्टीन, सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांपैकी कोणतीही गोळी खडा हलवू शकत नाही. चाचणीआधी मळमळ आवरायला एखादी ठीक. पण महिनोन्‌महिने घेतलेल्या सिनॅरिझिननं आणि प्रोक्लोरपेराझिननं म्हाताऱ्या माणसांना कंप सुटू शकतो, झोपाळलेपण येतं, आणि तोल सावरायचं जे शिक्षण मेंदूला घ्यायचं असतं तेच मंदावतं. महिन्याला पाचशे-सहाशे रुपये देऊन पडण्याचा धोका विकत घेण्यासारखं आहे हे. आधीच गोळी चालू असेल तर ती कशी बंद करायची हे डॉक्टरांनाच विचारा.

घरी जाताना स्कूटर चालवू नका, मागेही बसू नका. खडे परत यूट्रिकलमध्ये पडताना क्वचित कुणाला एकदम मागे फेकल्यासारखं किंवा जमीन खचल्यासारखं होतं. दवाखान्यातच पंधरा-वीस मिनिटं बसा, मग सोबतच्याचा हात धरून रिक्षात.

चक्कर गेली, मग पाय का डगमगतात?

उपचार झाला. कुशीवर वळलं तरी खोली फिरत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्यावर मात्र कापसावर चालल्यासारखं वाटतं, डोकं हलकं-हलकं होतं, गर्दीत मान वळवली की क्षणभर सगळं मागून येतं. वेगवेगळ्या अभ्यासांत खडे नीट बसलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश ते निम्म्याहून अधिक रुग्णांनी अशी तक्रार केली आहे. बहुतेकांची ती दोन-तीन आठवड्यांत जाते. थोड्या जणांना महिना-दोन महिने लागतात.

कारणं अनेक आहेत. यूट्रिकलवरचे कण गळाले होते, तिथला पडदा लगेच पहिल्यासारखा काम करत नाही. खोट्या निरोपांचे आठवडे काढलेल्या मेंदूनं त्या कानाचं ऐकणं कमी केलेलं असतं आणि तो डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवायला शिकलेला असतो. घरात सासरे आजारी असताना सगळा कारभार सुनेकडे जातो. ते बरे होऊन उठले तरी किल्ल्या लगेच परत येत नाहीत, तसंच हे. शिवाय भीती असतेच. माणूस मान ताठ धरून, तीन उशा घेऊन झोपतो, वर बघत नाही, खाली वाकत नाही. डोकं हललंच नाही तर मेंदूला नवा हिशेब जुळवायला माहितीच मिळत नाही. चक्कर जितके दिवस अंगावर काढली असेल आणि वय जितकं जास्त असेल, तितकी ही अस्थिरता रेंगाळते. लवकर निदानाचा फायदा इथेही मिळतो.

पण दिशा चांगलीच असते. पायाखालच्या फळीवर शरीर किती झुलतं हे मोजणाऱ्या यंत्रावर उपचाराआधी आणि नंतर रुग्ण उभे केले, तेव्हा खडे बसवल्यावर झुलणं कमी झालेलं दिसलं. फरक ठळक दिसतो तो डोळे मिटून मऊ पृष्ठभागावर उभं राहिल्यावर, कारण तेव्हा तोल जवळजवळ सगळा कानाच्या भरवशावर असतो. हे यंत्र मोजक्या ठिकाणी आहे आणि तपासणी महाग. साध्या रुग्णाला तिची गरज नाही, कारण घरच्या घरी मोजायची एक चांगली सोय आहे.

हात असलेली खुर्ची घ्या, तिच्यापासून तीन मीटरवर चिकटपट्टीची खूण करा. मोबाइलमधलं घड्याळ लावा. उठायचं, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. ही चाचणी उपचाराआधी, आठवड्यानं आणि महिन्यानं करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरी चाचणी भिंतीच्या कोपऱ्यात: पाय जुळवून, हात छातीशी घेऊन ३० सेकंद, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. घरचं कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवंच. आकडे सुधारत असतील तर "बरं वाटत नाही" या भावनेपायी पुढच्या तपासण्यांवर पैसे घालू नका. महिन्यात काहीच हललं नसेल तर मात्र परत दाखवा. फेरतपासणी महिन्याच्या आत व्हावी असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. खडे थोडे उरलेले असू शकतात, दुसऱ्या नलिकेत गेलेले असू शकतात.

किंवा दोष कानाचा नसेलच. तोल कान, डोळे आणि पावलं या तिघांवर चालतो. वीस वर्षांच्या मधुमेहानं तळव्यांची जाणीव गेली असेल, मोतीबिंदू पिकला असेल, गुडघे वाकत नसतील, तर खडे बसवून तोल वयाला शोभेल इतका सुधारेल, पण वीस वर्षांपूर्वीचा होणार नाही. पलंगावरून उठून उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर झोपून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजून घ्या. रक्तदाबाच्या गोळीचा डोस हे त्याचं कारण निघू शकतं. उलट बाजूही लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या एका वृद्धोपचार दवाखान्यात, चक्करसाठी न आलेल्या १०० रुग्णांची तपासणी केली तेव्हा ९ जणांच्या कानात खडे सरकलेले आढळले आणि आधीच्या महिन्यांत तेच जास्त पडलेले होते. ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. 'वयामुळे धडपडतात' म्हणून सोडून दिलेल्या आजी-आजोबांना एकदा टेबलावर झोपवून बघायला हवं ते यासाठी.

तोलावर खर्च करायचा तर कुठे

कानाच्या तोलासाठीचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट आता जिल्ह्याच्या शहरांतही सापडतात. बैठकीला ४०० ते १,००० रुपये, घरी बोलावलं तर थोडे जास्त. फिजिओथेरपी महाविद्यालयांना जोडलेल्या ओपीडीत हेच काम फार कमी पैशांत होतं. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. दोन बैठकांत व्यायाम शिकून घ्या, पंधरा दिवसांनी एकदा दाखवा. एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. खडे न बसवता नुसते व्यायाम करून मात्र फारसं साधत नाही, आधी खडे, मग व्यायाम. दोन्ही केल्यानं दैनंदिन हालचाली अधिक सुधारतात असं दिसून आलं आहे.

घरचा फुकट कार्यक्रम असा. स्वयंपाकघराच्या ओट्याला एक हात ठेवून फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायचं. अंगठा डोळ्यांसमोर धरून, नजर त्यावर खिळवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, सुरुवातीला दहा वेळा. भिंतीच्या कोपऱ्यात दुहेरी घडी केलेल्या गोधडीवर उभं राहायचं. रोज बाहेर चालायला जायचं आणि चालताना दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या. या व्यायामांनी सुरुवातीला थोडं डोकं हलकं होणारच, तेवढं होऊ द्यायचं. उलटी येईपर्यंत ताणायचं नाही. सूर्यनमस्कार, साष्टांग नमस्कार, मांडी घालून जेवायला बसणं हेही हळूहळू सुरू करावं. "आता आयुष्यभर वाकू नका" हा सल्ला शेजारच्यांकडून मिळेल, तो ऐकू नये.

वस्तूंवरचा खर्च करायचाच तर बाथरूममध्ये पकडायला पक्का दांडा ३०० ते १,५०० रुपये, रबरी मॅट दोन-पाचशे, पलंग ते संडास वाटेवर रात्रीचा छोटा दिवा शंभर-दोनशे, भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची दीड ते तीन हजार. यातला दांडा आधी बसवा. पन्नाशीपुढच्या घरात तो चक्कर नसतानाही हवाच.

विमा, कर आणि पुन्हा येणं

ओपीडीचा खर्च साध्या आरोग्य विम्यात बसत नाही. "मग एक रात्र भरती करून टाकू" हा सल्ला घातक आहे. निव्वळ तपासणीसाठी किंवा निरीक्षणासाठी केलेली भरती बहुतेक सगळ्या पॉलिसींत वगळलेली असते. दावा फेटाळला जातो आणि खोलीभाडं खिशातून जातं. ज्येष्ठ नागरिकाचा विमाच नसेल तर जुन्या करप्रणालीत त्याच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण रोखीनं दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. बिल मागा, यूपीआयनं द्या.

खडे पुन्हा सरकतात. कॉक्रनच्या आढाव्यात एपली झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांना पुढे कधीतरी पुन्हा चक्कर आली होती. ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांना याचा त्रास जास्त दिसतो. कोरियात ९५७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पातळी कमी असलेल्यांना ४०० युनिट ड जीवनसत्त्व आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट रोज दोनदा दिल्यावर चक्कर परत येण्याचं वार्षिक प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. ड जीवनसत्त्वाची तपासणी ८०० ते १,५०० रुपयांना होते. वारंवार चक्कर येणाऱ्यांना ती उपयोगी. आपल्याकडे मिळते ती ६०,००० युनिटांची पुडी. ती आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं.

दवाखान्यातून निघताना केसपेपरवर दोन गोष्टी लिहून मागा: बाजू उजवी की डावी, आणि नलिका कोणती. "चक्कर, गोळ्या दिल्या" एवढंच लिहिलेलं असेल तर नम्रपणे परत द्या आणि "सर, कुठल्या बाजूचे खडे ते लिहून द्याल का?" म्हणा. त्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पुढच्या वेळी गाव बदललं असेल, डॉक्टर बदलले असतील, तरी सुरुवात तिथूनच होईल.